निवडून झालं की सांगतो

डोंबिवलीला मामाकडे गेलं की बेल वाजवल्यावर आतून पहिला आवाज येतो तो "थांब, सेव्ह करतो!" असा. मग दोन मिनिटं शांतता. मग चपला फरफटल्याचा आवाज, आणि दार. दार उघडणारा माणूस बघत तुमच्याकडे असतो, पण त्याचे डोळे अजून डावीकडून उजवीकडे सरकत असतात. "ये," तो म्हणतो, "नऊ लाख चाळीस हजारावर आहे." त्याच्या वयाची माणसं कसं काय विचारल्यावर साखर किती आणि रक्तदाब किती ते सांगतात. मामा ओळ क्रमांक सांगतो.

मामा बँकेतून निवृत्त झाला आणि गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर गेला. वाचनालयाने नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. ते विकायला आलेला मुलगा चहा पिता पिता म्हणाला, "जुना डेटा तेवढा क्लीन करून द्या, बाकीचं आम्ही बघतो." ग्रंथपालबाईंनी मामाच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला. "चार दिवसांचं काम आहे," असं मामानेच सांगितलं होतं. ही गोष्ट २०२२ च्या दिवाळीनंतरची. पेन ड्राइव्हमध्ये एकच टेक्स्ट फाइल होती. १९९८ पासूनची सगळी देवघेव तिच्यात. एका ओळीत एक व्यवहार: सभासदाचं नाव, पुस्तक, लेखक, दाखल क्रमांक, कपाट, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. ओळी १८ लाख, वजन साडेचारशे एमबी.

मामा 'क्लीन करणं' म्हणत नाही, 'निवडणं' म्हणतो. "फाइल निवडायला घेतलीय." आमची आजी दुपारी सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडायला बसायची, तसाच तो बसतो. खुर्चीवर एक पाय दुमडलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तर्जनी पडद्याच्या दीड इंच अलीकडे. आजी खडा सापडला की न बोलता तो खिडकीबाहेर टाकायची. मामा मात्र ओरडतो. "खडा!" पहिल्यांदा मी घाबरून धावत गेलो होतो, मला वाटलं किडनीचा. बघतो तर एका आडनावापुढे दोन स्पेस होत्या.

सुरुवातीला त्याने ती फाइल एक्सेलमध्ये उघडली होती. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्याहून एकही जास्त नाही. फाइल पूर्ण उघडली नाही असा निरोप पडद्यावर येतो. आपण सगळे अशा निरोपांना जे करतो तेच मामाने केलं. ओके दाबलं. वर सेव्हही केलं. त्यामुळे पुढचे आठ दिवस आमच्या वाचनालयाच्या इतिहासात २०१२ नंतर डोंबिवलीतल्या एकाही माणसाने एकही पुस्तक नेलेलं नव्हतं. मामाने यावर कार्यकारिणीत एक हळहळीचं भाषणही केलं. वाचनसंस्कृती, मोबाइल, वगैरे. साडेसात लाख ओळी कापल्या गेल्यात हे मी सांगितलं, तेव्हा त्याने भाषण मागे घेतलं नाही. मुद्दा तरीही बरोबर होता म्हणाला.

त्यात दुसरा घोळ झाला कपाटांचा. कपाट तीन, खण पाच हे फाइलीत '३-५' असं होतं. एक्सेलने त्याची ३ मे करून टाकली. अर्धी ग्रंथसंपदा तारखांवर जाऊन बसली. मी त्याचं सांत्वन करायला म्हणून सांगितलं की मोठमोठ्या शास्त्रज्ञांचंही असंच झालंय. माणसाच्या काही जनुकांची छोटी नावं 'मार्च' आणि 'सेप्ट' ने सुरू व्हायची, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, आणि शेवटी २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीने ती जनुकांची नावंच बदलली. मामा विचारात पडला. पुढच्या रविवारी वाचनालयात गेलो तर रंगारी कपाटांवरचे आकडे खरवडून क, ख, ग रंगवत होता.

तेव्हापासून मामाने एक्सेल सोडलं आणि तो टेक्स्ट एडिटरवर आला. नोटपॅड प्लस प्लस. २००३ पासूनचं, फुकट, आणि चिन्ह म्हणून हिरवा सरडा. मामा त्याला सरडाच म्हणतो. "सरड्यात उघड म्हणजे खरं काय ते दिसेल." याच्या जुन्या आवृत्त्यांना दोन जीबीच्या वरची फाइल झेपायची नाही हे कळल्यावर तो खूश झाला, कारण सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण त्याला आयती मिळाली. माझ्या ऑफिसातल्या एकाने त्याला विम वापरायला सांगितलं होतं. मामाने ते उघडलं आणि मग त्याला ते बंद करता येईना. विमच्या पहिल्या पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी एक ओळ असते. ती ओळ अर्धा तास वाचून मामाने शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं. "माणूस सज्जन असणार ज्याने हे केलं," एवढंच म्हणाला. आणि परत सरड्याकडे वळला.

सरड्यात एक बटण आहे. ते दाबलं की जे एरवी दिसत नाही ते दिसायला लागतं: प्रत्येक स्पेसच्या जागी नारिंगी ठिपका, टॅबच्या जागी बाण, आणि ओळ संपते तिथे काळी चौकट. हे बटण मामाला सापडलं त्या दिवसापासून त्याचा या जगावरचा विश्वास उडाला. आता तो लग्नपत्रिका हातात आली तरी डोळे बारीक करून बघतो. "चि. नंतर स्पेस आहे, सौ. नंतर नाही, कां. नंतर दोन आहेत." हॉटेलचं मेनूकार्ड, डॉक्टरच्या दवाखान्याची पाटी, देवळातली देणगीदारांची फरशी, काही सुटत नाही. फरशीवर एकाच कुटुंबाचं नाव दोनदा कोरलंय असं त्याचं म्हणणं आहे आणि तो विश्वस्तांना भेटणार आहे.

पण बघणं वेगळं आणि बदलणं वेगळं. 'रिप्लेस ऑल' हे बटण म्हणजे मामाच्या हातातली कोयती आहे. सभासदांच्या नावांमागे कुणी 'श्री' लावलं होतं, कुणी नाही. एकसारखं करायला हवं, म्हणून मामाने सगळीकडचं 'श्री' काढून टाकलं. श्रीधर 'धर' झाले, श्रीरंग 'रंग' झाले, श्रीनिवास नुसते 'निवास'. तेही एक वेळ चाललं असतं. पण शब्दाच्या शेवटीही 'श्री' असते. राजश्रीबाईंचा राज झाला, भाग्यश्रीचं भाग्य उरलं, आणि वाचनालयातल्या समस्त जयश्री एका क्षणात जय होऊन पुरुष सभासदांत जमा झाल्या. महिला सभासदांची संख्या एवढी घटली की कार्यकारिणीत दुसरं भाषण होता होता राहिलं.

मग मी त्याला रेग्युलर एक्सप्रेशन शिकवलं. माझी चूक. म्हटलं, नुसते शब्द शोधू नकोस, साचा शोध. ठिपका म्हणजे कोणतंही एक अक्षर. तारा म्हणजे मागचं कितीही वेळा. हा तारा स्टीफन क्लेनी या अमेरिकन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. मज्जातंतूंच्या जाळ्याचं गणित मांडताना त्याने १९५६ च्या लेखात ही कल्पना वापरली होती. मामाने स्पेलिंग पाहिलं आणि 'क्लीन' वाचलं. आडनावातच सफाई आहे म्हणाला. क्लेनी असा उच्चार आहे हे मी दोनदा सांगून सोडून दिलं. ठिपक्यापुढे तारा लावला की तो ओळीच्या शेवटापर्यंत सगळं गिळतो, त्याला हावरट म्हणतात, हे मात्र त्याला लगेच पटलं. "पंगतीतला पाहुणा आहे. पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं की लाजतो आणि कमी खातो." खरंच तसंच आहे. मी वर्षानुवर्षं हे वापरतोय, इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण ठिपका म्हणजे कोणतंही एक अक्षर, हे त्याच्या डोक्यात राहिलं आणि बोटांत आलं नाही. पुढच्या मंगळवारी त्याने 'सौ.' आणि 'कै.' काढायला घेतले. साचा चालू होता. त्यामुळे 'सौ' आणि त्यापुढचं जे असेल ते एक अक्षर, असं सगळं गेलं. सौरभ नावाच्या मुलांचे नुसते 'भ' उरले. कैलास नावाचे जिवंत सभासद 'कै.' समजून कापले गेले आणि त्यांचं फक्त 'ास' राहिलं. कैलासवासी या शब्दाचा असा सूड मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि आमची मामी. तिचं नाव सौदामिनी. स, औकार आणि द गेले, मागे राहिला काना आणि 'मिनी'. ज्याला टेकायला अक्षर नाही असा काना आला की संगणक तिथे ठिपक्यांचं एक गोल वर्तुळ काढतो. मामीने ते पाहिलं.

"हा गोल कोण?" तिने विचारलं.

"तू," मामा म्हणाला.

त्या रात्री त्यांच्याकडे खिचडी होती. पापड नव्हता.

खडे दिसणारे असते तर मामाचं काम केव्हाच संपलं असतं. त्याचं खरं वैर न दिसणाऱ्यांशी आहे. वाचनालयाच्या यादीत 'कादंबऱ्या' हा विभाग दोनदा येत होता. एक कादंबऱ्या आणि दुसरा कादंबर्‍या. वाचणाऱ्याला फरक दिसायचा नाही, कारण दिसण्यासारखा फरक नाहीच. एकात मुळातच वेगळा 'ऱ' आहे. दुसऱ्यात साधा 'र', त्याचा पाय मोडलेला, आणि मध्ये एक अदृश्य जोडक. छपाईत दोघं जुळे भाऊ, संगणकाच्या लेखी अनोळखी. एका कादंबऱ्यांमध्ये शोधलं की दुसऱ्यातली पुस्तकं सापडायची नाहीत. मामाला हे समजायला तीन दिवस लागले आणि समजल्यावर तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. 'ॲ'चंही तेच: कुणी एक अखंड अक्षर टाइप करतं, कुणी 'अ'वर चंद्र चढवतं. आणि 'दुःख' लिहिताना आपल्यातले बहुतेक लोक विसर्ग न देता कोलन देतात. मी देतो. मामाने माझी गेल्या पाच वर्षांची पत्रं तपासून हे सिद्ध केलंय.

एकदा फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये उघडली आणि सगळं मराठी जाऊन तिथे डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ए आणि चार पाय फुटलेला गोळा, असं रांगेने आलं. मामाने मला रात्री साडेअकराला फोन केला. आवाज घरात चोर शिरल्यावर येतो तसा. मी त्याला यूटीएफ-८ वर क्लिक करायला लावलं, मराठी परत आलं, आणि त्याला झोप यावी म्हणून गोष्ट सांगितली: ही पद्धत १९९२ साली केन थॉम्पसनने न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, रॉब पाइकसोबत जेवताना, ताटाखालच्या कागदावर मांडली. तेव्हापासून मामा आपले साचे कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहितो. शिवाय त्या पद्धतीत मराठीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा तीन-तीन बाइट खातात हे त्याला कळलंय. कुलकर्णी २४ बाइट घेतात, जोशी १२ मध्ये आटपतात. मामा कुलकर्णी आहे. जोश्यांबद्दल त्याच्या बोलण्यात हल्ली एक आदर जाणवतो.

कालनिर्णयवरून आठवलं. मामा रोज फाइलीची एक प्रत काढून ठेवतो, आणि तिला तारखेने नाव देत नाही. तीन-चार म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा घोळ त्याला बँकेपासून माहीत आहे. म्हणून तो तिथी देतो. 'माघ_वद्य_७'. 'चैत्र_शुद्ध_३'. बिनचूक पद्धत, असं तो सगळ्यांना सांगायचा. मग २०२३ चा पावसाळा आला आणि श्रावण अधिक आला. एक 'श्रावण_शुद्ध_५' जुलैत झाली, दुसरी ऑगस्टमध्ये नागपंचमीला. संगणकाने विचारलं, या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू? मामाने ओके दाबलं. एका अख्ख्या महिन्याच्या प्रती, पहिल्या वेलांट्यांच्या दुरुस्तीच्या प्रतीसकट, अशा एकेक तिथी करत गेल्या. मामी म्हणाली, "अधिकात जावयाला वाण देतात, ३३ अनारसे देतात. तुम्ही फाइल दिलीत."

पहिल्या वेलांट्यांचं सांगायला हवं, कारण मामाचं तेच पानिपत आणि तोच दिग्विजय. १९९८ च्या नोंदी जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या. त्या काळात पहिली वेलांटी जशी दिसते तशी, अक्षराच्या आधी मारायचे. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर लागते. कुणीतरी अर्धवट रूपांतर करून ठेवलं होतं, त्यामुळे किरणची 'िकरण' झाली होती, तेही हजारो ठिकाणी. मामाने स्वतः, मला न विचारता, साचा रचला: वेलांटी आणि पुढचं अक्षर धर, दोघांची अदलाबदल कर. दाबलं. सगळे किरण, विनय, अनिल जागेवर आले. मामाने मामीला हाक मारली, शेजारच्या लेल्यांना हाक मारली आणि "बघा कसं होतं" म्हणून सगळ्यांसमोर तेच बटण पुन्हा दाबलं. वेलांट्या आणखी एक घर पुढे सरकल्या. किरण 'करिण', विनय 'वनिय', अनिल 'अनलि'. लेले म्हणाले, "छान आहे." त्यांना वाटलं हेच दाखवायचं होतं.

मामासारखी माणसं सगळीकडे असतात. आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे, पगार त्याच कामाचा घेते, तिच्या पदाचं नाव भारदस्त आहे, पण मान तिचीही मामासारखीच पुढे आलेली आणि ओठ हलतात. सोसायटीत पार्किंगच्या यादीत गाडीच्या नंबरांमधल्या रेघा सारख्या करणारे एक गृहस्थ असतात. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर वाढदिवसांच्या यादीत 'फेब्रुवारी'चं स्पेलिंग गुपचूप सुधारणारी कुणीतरी असते. यांना कुणी सांगितलेलं नसतं. यांचे आभारही कुणी मानत नाही, कारण त्यांनी केलेलं काम दिसत नाही. काम झालं म्हणजे काहीच झालेलं नाही असं दिसतं. मामाला याचं वाईट वाटत नाही. त्याला वाईट वाटतं ते फक्त पुढच्या रिकाम्या स्पेसचं.

वाचनालयाने सॉफ्टवेअर कधीच सुरू केलं. नव्या नोंदी नव्यात होतात. जुनी फाइल मामाकडेच आहे, आणि "झालं का?" असं ग्रंथपालबाई आता विचारत नाहीत. मीच विचारतो. "निवडून झालं की सांगतो," तो म्हणतो. मध्ये त्याने नवीन काम काढलं: 'आणल्याची तारीख' हा रकाना रिकामा असलेल्या ओळी. माझा फोन वाजला तो याच कामात.

"१९९९. मे महिना. तू सातवीत होतास," मामा म्हणाला. "फास्टर फेणे नेलंस. परत तारीख रिकामी."

मी म्हटलं, मामा, एवढी वर्षं झाली, दंड सांग, भरतो. दंडाचं त्याला काही नव्हतं. मग मी म्हटलं, टाक कुठलीतरी तारीख, रकाना भरला म्हणजे झालं. पलीकडे एवढा वेळ शांतता होती की मला वाटलं फोन कटला. "कुठलीतरी?" तो म्हणाला. फक्त तेवढंच.

दोन रविवार माळा धुंडाळला. क्रिकेटच्या पॅडांखाली, एका तुटक्या कॅरमच्या आत, पुस्तक निघालं. घेऊन डोंबिवली गाठली. "थांब, सेव्ह करतो!" झालं, दार उघडलं. मामाने पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, पहिलं पान बघितलं, दाखल क्रमांक पुटपुटला, पडद्याशी ताडून पाहिला. जुळला. चेहरा उजळला. मग त्याने शेवटचं पान उघडलं. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली होती, कडेने पिवळी पडलेली. शेवटचा शिक्का १४ मे १९९९. त्याने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर १५ मे.

"खडा," मामा म्हणाला. या वेळी ओरडला नाही. अगदी हळू म्हणाला.

मी सांगायचा प्रयत्न केला की त्या दिवशी संध्याकाळी गर्दी असेल, बाईंनी दुसऱ्या दिवशी नोंद केली असेल. तो ऐकत नव्हता. म्हणजे शिक्का एक आणि नोंद दुसरी, असं असू शकतं. म्हणजे प्रत्येक पुस्तकाची चिठ्ठी बघायला हवी. कपाट क पासून. त्याने एक पाय खुर्चीवर दुमडून घेतला आणि सरडा उघडला.

मामी चहा घेऊन आली. कप ठेवायला टेबलावर जागा नव्हती म्हणून तिने फास्टर फेणे उचललं, चाळलं, आणि शेजारच्या खुर्चीत बसून वाचायलाच लागली. चौथ्या-पाचव्या पानावर एकटीच हसली.

"अगं, ते अजून जमा व्हायचंय," मामा म्हणाला.

"मग करा जमा. आणि मग माझ्या नावावर द्या."

मामाने मान डोलावली, नवी ओळ काढली, आणि बोटं कीबोर्डवर ठेवून थांबला.

"पूर्ण नाव लिहा," मामी पान उलटत म्हणाली. "गोल नको."